वेडेलिया लावताना आणि आवरताना: या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांतील नव्या वसाहतींत, रस्त्यांच्या दुभाजकांत आणि शाळांच्या आवारांत जमिनीलगत पसरणारी, तीन पाळ्यांच्या चकचकीत पानांची आणि पिवळ्या फुलांची वेल आता सर्रास दिसते. रोपवाटिकेत ती वेडेलिया या जुन्याच नावाने मिळते. वनस्पतिशास्त्रात 1996 पासून तिला स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा म्हणतात. सूर्यफुलाच्या कुळातील ही वनस्पती मूळची मेक्सिको, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातील आहे. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय प्रजातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाशी संबंधित तज्ज्ञांनी केली आहे, तिच्यात घाणेरी, जलपर्णी आणि सुबाभूळ यांच्याबरोबर हिचेही नाव आहे. खानदेशातील कोरडा उन्हाळा तिला काही महिने दाबून ठेवतो, त्यामुळे ती नाजूक आहे असा समज होतो आणि पुढच्या बहुतेक चुका या समजातूनच घडतात. खरे पाहता तिला जगवणे सोपे आणि आवरणे अवघड आहे.

सर्वांत मोठी चूक जागेच्या निवडीत होते. चारही बाजूंनी सिमेंट किंवा फरशी असलेला वाफा, दुभाजक किंवा मोठी कुंडी एवढ्याच जागा तिच्यासाठी योग्य आहेत. शेताचा बांध, विहिरीचा काठ, पाटचारी, नाल्याची दरड आणि ठिबकच्या नळ्या जाणारी केळीबाग या ठिकाणी ती कधीही लावू नये. माती धरून ठेवते म्हणून ती बांधावर लावण्याचा सल्ला दिला जातो आणि ती माती धरते हे खरेही आहे. परंतु तिच्या खोडाचे प्रत्येक पेर ओल्या मातीला टेकले की तेथे मुळे फुटतात, आणि रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात जेथे केळीला बारमाही पाणी मिळते तेथे तिला थांबवणारा उन्हाळाच उरत नाही. लागवड करतानाही रोपे खेटून लावू नयेत. दोन रोपांमध्ये दीड फूट अंतर पुरते, कारण पावसाळ्यात ती मधली जागा स्वतःच भरून काढते.

दुसरी चूक छाटणीनंतरची आहे, आणि मला ती पहिलीहून अधिक घातक वाटते. हिचे बी क्वचितच रुजते; तिचा जवळजवळ सगळा प्रसार तुटलेल्या खोडांतून होतो. छाटलेला पाला गोणीत भरून गावाबाहेरच्या नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकणे म्हणजे नव्या जागी लागवड करणेच होय. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर बंधारा, कालवा आणि चाऱ्यांची जी जुनी फड पद्धत आहे, तिच्यात एकाच कालव्याचे पाणी चाऱ्यांतून एकेका फडाला, म्हणजे शेतांच्या गटाला, मिळत जाते. अशा चारीत वरच्या अंगाला पडलेला मूठभर पालासुद्धा खालच्या कितीतरी शेतांच्या कडेला जाऊन रुजू शकतो. म्हणून छाटणी शक्यतो उन्हाळ्याच्या तोंडी करावी, पाला गच्चीवर किंवा पत्र्यावर पातळ पसरावा आणि खोड हातात कडकन मोडेपर्यंत वाळू द्यावा. वैशाखातील ऊन हे काम चोख करते. पावसाळ्यात छाटावे लागले तर पाला काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तो कुजेपर्यंत उन्हात ठेवावा. ओला पाला खताच्या खड्ड्यात टाकू नये. छाटलेली प्रत्येक फांदी उचलली गेली की नाही हे स्वतः पाहावे. माळ्यावर सोडून देण्यासारखे हे काम नाही.

उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर गेला की दुपारी पाने माना टाकतात, आणि घरची मंडळी घाईने नळी सुरू करतात. पाने संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर मुळांना पाणी कमी पडलेले नाही. तो केवळ उन्हाचा परिणाम आहे. दोन बोटे माती उकरून पाहावी आणि खाली ओल लागली तर पाणी देऊ नये. आपली काळी माती ओल धरून ठेवते, मात्र एकदा भेगाळली की दिलेले पाणी भेगांतून सरळ खाली जाते आणि वरची मुळे कोरडीच राहतात. म्हणून भेगा पडण्याआधीच सकाळी हळूहळू पाणी द्यावे आणि उघड्या मातीवर उसाचे पाचट किंवा केळीची वाळलेली पाने अंथरावीत. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या पानांच्या कडा मे महिन्यात करपतात, त्याला उपाय करण्याची गरज नाही. पहिल्या पावसानंतर करपलेला भाग कापून टाकला की नवी पालवी येते.

पाने पिवळी पडणे ही नेहमीची तक्रार आहे, आणि येथे निदान चुकते. जुनी, बुडाकडची पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता किंवा साचलेले पाणी हे कारण संभवते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. अशा वेळी युरिया टाकून काहीच साधत नाही. चांगले कुजलेले शेणखत द्यावे आणि लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) व लिंबाचा थोडा रस मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे. फुले कमी येण्याचे कारणही पुष्कळदा युरियाच असतो, नाहीतर दाट सावली. कडुनिंबाखाली ही वेल जगते, पण लांब खोडे काढते आणि फुलत नाही.

ओळखीची एक चूक आरोग्याशी निगडित आहे. आपल्याकडच्या ओलसर जागी पिवळा माका ही हिचीच जवळची नातलग वनस्पती आढळते आणि तिला औषधी मानतात. तिची पाने लांबट, भाल्याच्या आकाराची असून त्यांना तीन ठळक पाळ्या नसतात. वेडेलियाला माका समजून तेलात उकळणे किंवा काढ्यात घालणे टाळावे. ही वेल खाऊन जनावरांना बाधा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून छाटलेला पाला बकऱ्यांपुढेही टाकू नये.

ती नको त्या ठिकाणी पसरली असेल तर रोटाव्हेटर फिरवू नये. पाते जितके तुकडे करील, तितक्या नव्या वेली उभ्या राहतील. काळी माती चिखल असताना चिकटते आणि वाळल्यावर दगडासारखी होते, त्यामुळे वाफसा आल्यावर खुरप्याने कडेकडून आत असे काम करत खोडे मुळांसकट उपटावीत आणि दर पंधरा दिवसांनी दिवाळीपर्यंत तीच जागा पुन्हा निंदावी. कपाशीच्या कडेला टू-फोर-डीसारखे तणनाशक मुळीच वापरू नये, कारण त्याचा वाऱ्यावर आलेला अंशही कपाशीची पाने विकृत करतो आणि उत्पन्नाचे नुकसान वेडेलियाने केले असते त्याहून अधिक होते. साफ केलेला बांध उघडा ठेवू नये. तेथे पावसाळ्यातच मारवेल गवताची ठोंबे लावावीत, म्हणजे माती धरली जाते आणि गुरांना चाराही मिळतो.