फळमाशीच्या भ्रूणात सेंट्रोसोम वाढताना पाहायचा असेल तर

फळमाशीच्या भ्रूणात पहिली 13 विभाजनं फक्त केंद्रकांची होतात, मध्ये पेशीपटल येत नाही. दहाव्या विभाजनचक्रापर्यंत बहुतेक केंद्रकं पृष्ठभागाखाली येतात आणि एकाच दृश्यात कितीतरी सेंट्रोसोम, म्हणजे सूक्ष्मनलिका जिथून उगवतात ती केंद्रं, जवळजवळ एका ठेक्यात वाढताना दिसतात. वेळ मात्र थोडा: दहावं चक्र 25 अंशांना जेमतेम 8-9 मिनिटांचं, तेरावं साधारण 20 मिनिटांचं. म्हणून दोन भ्रूणांची तुलना नेहमी एकाच चक्रात करा.

माद्या फलित अंडी पोटात धरून ठेवतात, त्यामुळे पहिल्या तासाची सफरचंदरस-अगारची प्लेट टाकून द्या. पुढच्या तासाची अंडी 45 ते 60 मिनिटं 25 अंशांनाच ठेवा. कवच दुहेरी चिकटपट्टीवर हलक्या हातानं सोलावं. ब्लीच झटपट असतं, पण जास्त वेळ राहिलं तर भ्रूण दुखावतो. मग लगेच हॅलोकार्बन तेलाचा थेंब. तेलातून ऑक्सिजन जातो आणि भ्रूण सुकत नाही. सोलून उघड्यावर ठेवलेला भ्रूण आक्रसतो. त्यावरचे आकडे वापरू नका.

खरी शिकवण फ्रॅपमध्ये (चमक विझवून ती परत कशी येते ते पाहण्याच्या पद्धतीत) आहे. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेल्या सेंट्रोसोमिनची, म्हणजे सेंट्रोसोमचा सांगाडा बांधणाऱ्या प्रथिनाची, चमक एका सेंट्रोसोमवर लेसरनं विझवा आणि ती परत कुठे उगवते ते बघा. ती आधी मधोमध, सेंट्रोसोमच्या गाभ्यातल्या जुन्या सेंट्रिओलला (मातृसेंट्रिओलला) लागून उगवते आणि मग बाहेर सरकते. म्हणजे नवा माल कडेला चिकटत नाही. एसपीडी-2 हे प्रथिन सेंट्रिओलपाशी बसतं, पोलो कायनेज या विकराला तिथे ओढतं. पोलो सेंट्रोसोमिनवर फॉस्फेट चढवतं, आणि मगच सेंट्रोसोमिनची जाळी जुळते. सूक्ष्मनलिका सुरू करणारं गॅमा-ट्युब्युलिन याच सांगाड्यावर येतं. नुसती एकूण चमक मोजणाऱ्याला हा ओघ कधीच दिसत नाही.

लेसर जपून वापरा. अती प्रकाशानं विभाजन रेंगाळतं, बिघडलेली केंद्रकं पृष्ठभागावरून आत बुडतात. 0.5 मायक्रॉन अंतरानं खोलीचे थर टिपा, दर 30 सेकंदांनी अशा थरांचा एक संच पुरतो. चमक मोजताना आसपासच्या पेशीद्रवाची चमक वजा करा. प्रथिन अतिरिक्त प्रमाणात तयार करणारा माश्यांचा वाण वाढीचा वेगच बदलू शकतो. जीएफपी मूळ जनुकालाच जोडलेला वाण मिळाला तर तोच घ्या.

नवखे हमखास अडखळतात ते जनुकप्रकारात. या टप्प्यावरची ही प्रथिनं आईनं अंड्यात भरलेली असतात, म्हणून उत्परिवर्तन आईत हवं. बापाकडून आलेल्या जनुकाचा इथे काही परिणाम दिसणार नाही.