ग्राइंडर लावण्याआधी: प्रेशर व्हेसलच्या दुरुस्तीत क्यूसीची सुरुवात

भोसरीत क्यूसीला, म्हणजे क्वालिटी कंट्रोलला लागलो तेव्हा मला वाटायचं, वेल्ड झाला की आपलं काम सुरू. डीपीचे (रंग झिरपवून भेग दाखवणाऱ्या डाय पेनिट्रंट तपासणीचे) डबे आणि टॉर्च घेऊन जायचं, भेग दिसली की खडूने गोल करायचा. पहिल्याच मोठ्या दुरुस्तीत हा भ्रम गेला. व्हेसल म्हणजे दाबाखाली चालणारी बंद टाकी. तिच्या शेलला, म्हणजे कवचाला, फ्लश पॅच (खराब भाग कापून त्याच पातळीत बसवलेला तुकडा) बसवायचा होता. फिटरने तुकडा झकास कापला, पण हीट नंबर (प्लेट पोलादाच्या कुठल्या घाण्यातली हे सांगणारा नंबर) राहिला उरलेल्या प्लेटवर, आणि ती प्लेट दुपारच्या भंगारात गेली. वेल्ड देखणा झाला होता, पण पॅच कुठल्या प्लेटचा हे सांगायला माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. पॅच कापून काढावा लागला.

तेव्हापासून हीट नंबर कापण्याआधीच तुकड्यावर पंच करून घेतो आणि एमटीसीशी, म्हणजे मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटशी, स्वतः ताडून पाहतो. खडूने लिहिलेला नंबर मी धरत नाही.

पण त्याही आधी व्हेसलची नेमप्लेट वाचा. फोटो काढा, व्हेसल बनवणाऱ्याचा मूळ डेटा रिपोर्ट मागवा. मटेरियल, जाडी, डिझाइन दाब, मूळ फॅब्रिकेशनमध्ये स्ट्रेस रिलीव्ह (तापवून वेल्डचा ताण घालवणं) केलं होतं का, हे त्यात सापडतं. मग ठरवा, ही दुरुस्ती आहे की अल्टरेशन. होती तशी, त्याच दाबाला पूर्ववत करायची तर दुरुस्ती. ग्राहक सहज म्हणतो, ‘उघडलंच आहे तर दाब थोडा वाढवून द्या.’ हे अल्टरेशन झालं, त्याला डिझाइनची आकडेमोड लागते. अमेरिकेतल्या नॅशनल बोर्डाच्या कोडमध्ये, म्हणजे एनबीआयसीच्या भाग 3 मध्ये, दुरुस्तीला आर-1 फॉर्म आणि अल्टरेशनला आर-2. आणि इन्स्पेक्टरने मान्यता दिल्याशिवाय काम सुरूच करता येत नाही. ‘आधी उरकू, मग दाखवू’ हे इथे चालत नाही.

क्वालिटीचं मॅन्युअल दुसऱ्या कंपनीचं कॉपी करू नका. तुमच्या शॉपात रॉड कोण देतो, चुकीचा माल कुठे वेगळा ठेवता, कोण ‘थांब’ म्हणू शकतो, एवढं खरं लिहा. ऑडिटर मॅन्युअल वाचून थेट शॉपमध्ये येतो आणि स्टोअरवाल्यालाच विचारतो.

मग ट्रॅव्हलर. कामाबरोबर फिरणारा हा कागद माझ्या मते अख्ख्या मॅन्युअलपेक्षा जास्त कामाचा. होल्ड पॉइंट, म्हणजे तपासणी झाल्याशिवाय काम पुढे न्यायचं नाही अशा जागा, मोजकेच ठेवा, पण पक्के. मी एक कधीच सोडत नाही: दोष ग्राइंड करून काढल्यावर, वेल्ड चढवण्याआधी डीपी. भेगेचं टोक आत राहिलं आणि त्यावर वेल्ड चढवला, तर ती पुन्हा वर येते. डीपीचा शेवटचा फवारा, म्हणजे डेव्हलपर मारून लगेच ‘क्लिअर’ म्हणू नका. किमान दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात चहा होतो.

वेल्डरचं क्वालिफिकेशन एकदा झालं की कायमचं, हाही एक गोड गैरसमज. एएसएमई या अमेरिकन कोडच्या सेक्शन 9 प्रमाणे त्या प्रोसेसमध्ये (वेल्डिंगच्या पद्धतीत) सहा महिने वेल्डिंग केलं नसेल तर ते संपतं. म्हणून माझ्या रजिस्टरमध्ये नावापुढे प्रोसेस आणि शेवटच्या वेल्डची तारीख असते. 7018 या जातीचे वेल्डिंग रॉड गरम क्विव्हरमध्येच (रॉड कोरडे ठेवणाऱ्या विजेच्या डब्यात) हवेत. मी जाता-जाता क्विव्हरला हात लावून पाहतो. एकदा थंडगार लागला. प्लग काढून कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावला होता. त्यातले रॉड स्टोअरला परत गेले.

हायड्रोचा, म्हणजे पाणी भरून घ्यायच्या दाबाच्या टेस्टचा, दाब इन्स्पेक्टरशी आधी ठरवून ट्रॅव्हलरवर लिहा. 13 बारची टेस्ट असेल तर गेज 0 ते 25 चं घ्या. 0 ते 100 च्या गेजवर काटा जेमतेम हलतो, मग बारीक गळती काय कळणार! कॅलिब्रेशनचं स्टिकर पाहा. भरताना वरचा व्हेंट उघडा ठेवून हवा पूर्ण जाऊ द्या, कारण दाबलेली हवा आत राहिली आणि काही फुटलं तर ते नुसत्या पाण्यासारखं शांत राहत नाही. टेस्टनंतर पाणी सोडतानाही व्हेंट उघडाच हवा. पातळ शेलची टाकी व्हॅक्यूमने आत बसलेली मी पाहिली आहे, तीही टेस्ट पास झाल्यानंतर.