जँगोच्या साइटवर मराठी आणताना: वाक्य तोडू नका

वाचनालयाच्या पुस्तक-देवघेवीची साइट मी जँगोवर, म्हणजे पायथॉन भाषेतल्या वेबसाइट बांधायच्या चौकटीवर, बांधली. मूळ वाक्यं इंग्रजीत, त्यावर मराठी भाषांतर. पहिल्याच दिवशी ग्रंथपाल काकूंनी स्क्रीन पाहिली आणि म्हणाल्या, "साताराहून आलेली पुस्तकं? अगं, साताऱ्याहून म्हण की." कोडमध्ये मी शाखेचं नाव आणि 'हून' एकमेकांना चिकटवले होते. इंग्रजीत 'फ्रॉम' वेगळा उभा राहतो, नावाला धक्का लागत नाही. मराठीत प्रत्ययाआधी नावाचं सामान्यरूप होतं: पुणे–पुण्याहून, सातारा–साताऱ्याहून, पण कराड–कराडहून. हे व्याकरण कोडला शिकवत बसू नका. वाक्य असं लिहा की नावाला प्रत्यय लागणारच नाही.

त्यासाठी मराठीत सोय आहेच. गावाच्या नावापुढे 'शाखा' ठेवा, प्रत्यय तिला लागू द्या: 'सातारा शाखेतून', 'पुणे शाखेतून'. माणसाच्या नावापुढे 'यांना', 'यांनी', 'यांचे'. आपली सरकारी पत्रं वर्षानुवर्षं असंच लिहितात. पुस्तकाचं नाव असेल तर लिंगाची अडचण येते: कादंबरी परत 'केली', नाटक परत 'केले', कथासंग्रह परत 'केला'. तिथे 'परत आलेले पुस्तक:' असं लिहून पुढे नाव द्या.

हे जमायला भाषांतर करणाऱ्याच्या हाती पूर्ण वाक्य पडलं पाहिजे. म्हणून गेटटेक्स्टला, म्हणजे कोडमधल्या वाक्याचं भाषांतर शोधून देणाऱ्या फंक्शनला, अख्खं वाक्य द्या आणि बदलणाऱ्या जागांना नाव द्या: शाखा, सभासद, तारीख. नाव दिलेल्या जागा मराठीत हव्या त्या क्रमाने मांडता येतात. गेटटेक्स्टच्या कंसात एफ-स्ट्रिंग (पायथॉनमधलं किमती थेट आत भरणारं वाक्य) कधीही घालू नका. तिच्यात किंमत आधीच भरली जाते, मग ते वाक्य भाषांतराच्या फाइलमध्ये सापडत नाही आणि पानावर इंग्रजीच दिसतं.

मॉडेलमधल्या (माहितीच्या साच्यातल्या) आणि फॉर्ममधल्या लेबलांना मात्र गेटटेक्स्ट-लेझी वापरा; ते लेबल दाखवतानाच भाषांतर करतं. ती लेबलं सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचली जातात. साधं गेटटेक्स्ट वापरलंत तर त्या क्षणी जी भाषा चालू असेल तीच सगळ्यांना दिसत राहते.

आकडा आला की एनगेटटेक्स्ट. मराठीला दोन रूपं पुरतात: एकाला एकवचन, बाकी सगळ्याला अनेकवचन, शून्यालासुद्धा. '१ पुस्तक बाकी आहे', '३ पुस्तके बाकी आहेत'. सभासद आणि अंक हे शब्द दोन्हीकडे सारखेच राहतात, पण क्रियापद बदलतं, म्हणून दोन्ही ओळी भरायच्याच. एकाच इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ असतील तर पीगेटटेक्स्टने संदर्भ जोडा. आमच्याकडे 'ओपन' हा शब्द बटणावर 'उघडा' आणि वाचनालयाच्या वेळेपुढे 'सुरू' असा लागतो.

आता रोजचं काम. सर्व्हरवर जीएनयू गेटटेक्स्टची साधनं हवीत, नाहीतर मेकमेसेजेस चालत नाही. ती कमांड कोड चाळून पीओ फाइल, म्हणजे मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं यांची यादी, बनवते. ती फाइल मी काकूंना पोएडिट या भाषांतराच्या प्रोग्रॅममध्ये उघडून देते. भरून झाली की कंपाइलमेसेजेस चालवायचं. त्यातून एमओ फाइल तयार होते, सर्व्हर तीच वाचतो. चालू साइटवर सर्व्हर पुन्हा सुरू केल्याशिवाय नवं भाषांतर दिसत नाही.

पीओ फाइलमधल्या 'फझी' या खुणेवर खास नजर ठेवा. इंग्रजी वाक्य थोडं बदललं किंवा जुन्यासारखं दिसणारं नवं आलं, की मेकमेसेजेस जुनं भाषांतर अंदाजाने जोडतं आणि ही खूण लावतं. खूण असलेलं वाक्य कंपाइल करताना गाळलं जातं. मी एकदा घाईत सगळ्या खुणा एकदम काढल्या. 'मुदत वाढवली' हवं होतं तिथे 'पुस्तक परत आले' छापून आलं आणि एका आजोबांना वाटलं की पुस्तक जमा झालं. तेव्हापासून प्रत्येक फझी वाक्य वाचून, दुरुस्त करून मगच खूण काढते.

भाषा कोणती दाखवायची हे लोकॅल-मिडलवेअर, म्हणजे प्रत्येक विनंती पानापर्यंत पोचण्याआधी तपासणारा जँगोचा भाग, ठरवतो. सेटिंगमधल्या यादीत त्याला सेशन-मिडलवेअरच्या नंतर आणि कॉमन-मिडलवेअरच्या आधी ठेवा. तो आधी पत्ता बघतो, मग कुकी, मग ब्राउझरने मागितलेली भाषा. इथेच आपले वाचक मागे पडतात: फोन इंग्रजीत असेल तर ब्राउझर इंग्रजी मागतो, आणि घरात मराठी बोलणाऱ्याला इंग्रजी पान मिळतं. सेटिंगमध्ये साइटची डीफॉल्ट भाषा मराठी ठेवूनही हे टळत नाही. त्यासाठी पत्ते आय-एटीन-एन-पॅटर्न्समध्ये (पत्त्याआधी भाषेचा उपसर्ग लावणाऱ्या सोयीत) घाला आणि डीफॉल्ट भाषेचा उपसर्ग बंद करा. मग साधा पत्ता मराठीत उघडतो, इंग्रजी हवं त्याच्यासाठी वेगळा पत्ता राहतो.

शेवटी शोधाची एक गोष्ट. 'साताऱ्याहून' मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: स्वतंत्र ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. शोधात अर्ध्या नोंदी सापडेनात तेव्हा मला हे कळलं. आता मजकूर जतन करण्याआधी मी दुसऱ्या तऱ्हेचं रूप पहिल्यात बदलून घेते आणि शोधायला टाइप केलेल्या शब्दावरही तेच करते.