जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स टाकताय? या चुका टाळा

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीचा जमाखर्च ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते फक्त विंडोजवर चालतं. कॉम्प्युटर जुना, विंडोज 11 ला लागणारं टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीची चिप) त्यात नाही, आणि विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणून विंडोज हिशेबापुरतं ठेवलं आणि इंटरनेटसाठी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायचं ठरवलं.

लिनक्सला जागा करायला सी ड्राइव्ह लहान करत असतानाच लाईट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. ते पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, पुन्हा उघडलंच नाही. वर्षभराच्या नोंदी पेन ड्राइव्हवर होत्या म्हणून निभावलं. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा आणि मगच पार्टिशनला हात लावा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे: लिनक्सच्या इन्स्टॉलरला विंडोज दिसतच नाही, आणि वैतागून माणूस ‘इरेज डिस्क’ निवडतो. तो पर्याय अख्खी डिस्क पुसतो! बऱ्याचदा मूळ कारण साधं असतं. विंडोज लेगसी मोडमध्ये (कॉम्प्युटर सुरू करायची जुनी पद्धत) बसवलेलं असतं आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये (नवी पद्धत) सुरू केलेला असतो. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ बघा. बूट मेन्यूत (कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा, ती यादी) एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, प्रत्येक मोडसाठी एकदा. विंडोजचा जो मोड, तोच निवडा.

लेगसी असेल तर आणखी एक पेच. अशा वेळी डिस्क बहुधा एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) असते, तिच्यावर प्रायमरी म्हणजे मुख्य पार्टिशन चारच होतात, आणि काही लॅपटॉपवर ती चारही कंपनीनेच भरलेली असतात. पाचवं करायला गेलात की विंडोज डिस्क ‘डायनॅमिक’ करू का विचारतं. ‘नो’ म्हणा. सी ड्राइव्ह विंडोजमधूनच लहान करा, मोकळी जागा तशीच सोडा. चारही भरलेली असतील तर रिकव्हरी डिस्क बनवून नको असलेलं एक काढा.

विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असेल तर शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर फाइल लिहिता येत नाही. विंडोजही नव्याने टाकायचं असेल तर लिनक्सच्या आधी विंडोजच टाका. मागाहून टाकलं की ते बूटचा ताबा घेतं आणि लिनक्सचा मेन्यू गायब होतो.

लिनक्स वापरून परत आलात आणि विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं, तर बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगा. प्लग काढल्यावर तारीखच कुठल्या तरी जुन्या वर्षावर जात असेल, तर मात्र मदरबोर्डवरचा गोल सेल बदला. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर2032 असतो.