मूल बालकल्याण समितीपुढे गेलंय? आधी ऑर्डरची कॉपी मागा

पोलिसांनी किंवा चाइल्ड हेल्पलाइनने (मुलांसाठीची मदतसेवा, आधीची चाइल्डलाइन) मूल नेलं तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे (अशा मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणारी जिल्ह्यातली समिती) हजर करावंच लागतं, त्यामुळे आधी समिती कुठे बसते ते विचारा आणि मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचे कागद घेऊन तिकडेच पळा, पोलीस स्टेशनात भांडत बसू नका. समितीच्या ऑर्डरची कॉपी मागाच, कारण अपिलाला तारखेपासून 30 दिवसच असतात आणि लोक नेमके इथेच गंडतात.

घाईत कशावरही सही नको, त्यातही मुलावरचा हक्क कायमचा सोडून देण्याच्या (सरेंडर) कागदावर तर नकोच!! झालीच असेल तर फेरविचाराला 2 महिने मिळतात. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, आईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.