वजनदार रुग्णाला शॉक देताना किती ज्यूल निवडावेत?

कॅज्युअल्टीत किंवा आयसीयूत नव्याने रुजू झालेले निवासी डॉक्टर आणि सिस्टर हा प्रश्न हमखास विचारतात: रुग्णाचे वजन ११५ किलो आहे, तर शॉक किती द्यायचा? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण बहुतेक औषधांचा हिशेब आपण किलोवर करतो आणि लहान मुलांच्या बाबतीत शॉकचा हिशेबही तसाच असतो. मुलाला पहिला शॉक किलोमागे २ ज्यूल आणि दुसरा ४ ज्यूल दिला जातो. प्रौढांसाठी मात्र असे कोणतेही सूत्र नाही. वजनाला एखाद्या आकड्याने गुणून ज्यूल काढण्याचा प्रयत्न करू नये. वजनदार रुग्णात खरा प्रश्न असतो तो विद्युतधारा हृदयापर्यंत पुरेशी पोचते की नाही हा, आणि त्याचे उत्तर डिफिब्रिलेटरच्या (शॉक देणाऱ्या यंत्राच्या) बटणावर जितके असते तितकेच पॅड लावणाऱ्या हातांत असते.

ज्यूल हे ऊर्जेचे माप आहे, पण हृदयाची बिघडलेली लय मोडते ती धारेमुळे. समजा, यंत्राने १५०० व्होल्ट दिले आणि विजेला होणारा छातीचा रोध ७५ ओहम आहे, तर धारा २० अँपिअर मिळेल. तोच रोध १२० ओहम असेल, तर धारा १२.५ अँपिअरवर येईल. प्रौढांच्या छातीचा रोध साधारणपणे ७० ते ८० ओहमच्या आसपास असतो, पण व्यक्तीगणिक त्यात मोठा फरक पडतो. शिवाय छातीतून जाणाऱ्या एकूण धारेपैकी केवळ ४ टक्क्यांच्या आसपास भाग प्रत्यक्ष हृदयातून जातो. बाकीची धारा त्वचा, स्नायू, बरगड्या आणि फुप्फुसांच्या वाटेने निघून जाते. चरबीचा थर जाड झाला की पॅड आणि हृदय यांतील अंतर वाढते आणि हा आधीच तुटपुंजा असलेला वाटा आणखी घटतो. आजची बायफेजिक (धारा आधी एका आणि मग उलट दिशेने सोडणारी) यंत्रे शॉकच्या वेळी रोध मोजून व्होल्टेज किंवा शॉकचा कालावधी आपोआप जुळवून घेतात, म्हणून वजनाचा परिणाम पूर्वीइतका जाणवत नाही. जुन्या मोनोफेजिक (एकाच दिशेने धारा सोडणाऱ्या) यंत्रांत ही सोय नव्हती. तालुक्याच्या ठिकाणी असे जुने यंत्र अजून वापरात असेल, तर ते कोणत्या प्रकारचे आहे हे आजच पाहून त्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे.

ऊर्जा ठरवण्याआधी नाडी पाहावी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून असतात.

नाडी लागत नसेल आणि मॉनिटरवर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची निव्वळ थरथर) किंवा नाडीविरहित व्हीटी (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, त्याच कप्प्यांची अतिवेगवान लय) असेल, तर वजनाचा विचार करण्यात एक सेकंदही घालवू नये. बायफेजिक यंत्रावर निर्मात्याने सांगितलेली ऊर्जा द्यावी. ती बहुधा १२० ते २०० ज्यूलच्या दरम्यान असते, आणि युरोपीय मार्गदर्शक सूचना पहिल्या शॉकसाठी निदान १५० ज्यूल सांगतात. शिफारस माहीत नसेल, तर यंत्राची कमाल ऊर्जा निवडावी. मोनोफेजिक यंत्रावर थेट ३६० ज्यूल द्यावेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथे, रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रुग्णांना न वाढवता १५० ज्यूलचे बायफेजिक शॉक दिले गेले, तेव्हा शरीराच्या वजनाचा शॉकच्या यशावर परिणाम दिसला नाही. पहिल्या शॉकच्या वेळी वजनाची धास्ती घेण्याचे कारण नाही, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

पहिला शॉक निष्फळ ठरला, तर मात्र पुढच्या वेळी ऊर्जा वाढवावी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात, एकाहून अधिक शॉक लागलेल्या रुग्णांमध्ये २००, ३००, ३६० अशी चढती ऊर्जा ही स्थिर १५० ज्यूलपेक्षा लय मोडण्यात सरस ठरली होती. तीन शॉकनंतरही फिब्रिलेशन कायम असेल, तर पॅडची जागा बदलून धारेची दिशा बदलावी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑन्टारिओतील चाचणीत नेहमीच्या पद्धतीने १३.३ टक्के रुग्ण जिवंत घरी गेले. पॅड छाती व पाठीवर लावल्यावर २१.७ टक्के, आणि दोन यंत्रांतून पाठोपाठ शॉक दिल्यावर ३०.४ टक्के. दोन यंत्रांची पद्धत सराव झालेल्या चमूनेच वापरावी. पॅडची जागा बदलणे मात्र कोणत्याही रुग्णालयात शक्य आहे, आणि तरीही आपल्याकडे ते फारच क्वचित केले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. या सगळ्यात छातीवरील दाब थांबता कामा नये. यंत्र चार्ज होत असताना दाब चालू ठेवावा आणि शॉकसाठीचा खंड काही सेकंदांपेक्षा लांबू देऊ नये.

नाडी असलेल्या रुग्णाचे, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीसाठी) ठरवून केल्या जाणाऱ्या कार्डिओव्हर्जनचे (शॉकने लय पूर्ववत करण्याचे) गणित वेगळे आहे आणि वजनाचा खरा फटका इथेच बसतो. पूर्वीची शिकवण अशी होती की १०० ज्यूलपासून सुरुवात करावी आणि पायरीपायरीने वर जावे, म्हणजे हृदयाला कमीत कमी इजा होईल. आता ही शिकवण सोडून द्यावी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीत थेट ३६० ज्यूल दिलेल्या गटात ८८ टक्के, तर १२५, १५०, २०० अशा चढत्या ऊर्जेच्या गटात ६६ टक्के रुग्णांची लय सुधारली, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दर्शवणाऱ्या ट्रोपोनिनमध्ये दोन्ही गटांत फरक आढळला नाही. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही किमान २०० ज्यूलपासून सुरुवात करण्याचा सल्ला देतात. बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा) ३० च्या वर असलेल्या रुग्णाला मी २०० च्या खाली सुरुवात करण्याचा विचारही करणार नाही. यंत्र ३६० पर्यंत जात असेल तर तिथूनच सुरुवात करणे योग्य. कमी ऊर्जेचे तीन फसलेले शॉक म्हणजे लांबलेली भूल, आणि लठ्ठ रुग्णात भूल लांबणे ही शॉकपेक्षा मोठी जोखीम असू शकते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: एका यंत्राचे २०० ज्यूल आणि दुसऱ्या यंत्राचे २०० ज्यूल यांत लहरीचा आकार निराळा असल्यामुळे मिळणारी धारा निराळी असते, त्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा डोळे मिटून दुसऱ्यावर लावू नये.

कार्डिओव्हर्जनच्या शॉकपूर्वी सिंकचे (शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवणारे) बटण दाबून प्रत्येक आर लाटेवर (ईसीजीतील ठोक्याच्या टोकदार लाटेवर) खूण उमटते आहे ना, हे पाहावे. लठ्ठ रुग्णात ईसीजीच्या लाटा लहान दिसतात आणि खुणा कधी तिच्यानंतरच्या टी लाटेवर पडतात. तसे दिसले तर मॉनिटरवरची लीड (ईसीजी ज्या दिशेने नोंदला जातो ती) बदलावी. शॉकनंतर अनेक यंत्रे सिंकमधून आपोआप बाहेर पडतात, म्हणून प्रत्येक शॉकआधी सिंक पुन्हा तपासावे. रक्त पातळ करणारी औषधे पुरेसे दिवस चालू आहेत की नाही, हे अर्थातच आधी पाहिलेले असावे.

आता पॅडकडे वळू, कारण माझ्या अनुभवात निम्मे अपयश तिथेच घडते. घामेजलेल्या छातीवर लावलेल्या पॅडचा एक कोपरा उचललेला असतो, केसांमुळे खाली हवेचे बुडबुडे राहिलेले असतात, आणि सगळ्यांचे लक्ष मात्र ज्यूलच्या आकड्यावर असते. त्वचा कोरड्या कापडाने पुसावी, केस दाट असतील तर झटपट काढावेत, आणि पॅड एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तळहाताने दाबत नेत चिकटवावा. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली आणि दुसरा डाव्या काखेच्या मध्यरेषेवर असावा. स्तन जड असतील तर ते वर उचलून पॅड त्यांच्या खाली किंवा बाजूला लावावा, स्तनावर कधीही लावू नये. घाईत हा बाजूचा पॅड पुढे सरकतो. तसे झाले की दोन्ही पॅड छातीच्या समोर येतात आणि धारा वरच्यावर, हृदयाला वळसा घालून निघून जाते.

हाताने धरायची पॅडल असतील, तर भरपूर जेल लावून प्रौढ रुग्णात प्रत्येक पॅडलवर सुमारे ८ किलो जोर द्यावा आणि श्वास बाहेर सोडलेल्या क्षणी शॉक द्यावा, कारण त्या वेळी फुप्फुसांत हवा कमी असल्याने रोध घटतो. ८ किलो म्हणजे नक्की किती, हे हाताला कळावे म्हणून वॉर्डातल्या वजनकाट्यावर पॅडल टेकवून दाबून पाहावे. पहिल्यांदा बहुतेकांचा काटा ४ किंवा ५ वरच थांबतो. दोन पॅडलच्या मध्ये जेल पसरू देऊ नये, नाहीतर धारा त्वचेवरूनच या टोकाकडून त्या टोकाला जाते. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लठ्ठ रुग्णांमध्ये चिकट पॅडने ६८ टक्के, तर दाबून धरलेल्या पॅडलने ९० टक्के यश आले होते. ऊर्जेत बदल न करता केवळ दाबाने पडलेला हा फरक आहे.

भुलीसाठी शक्यतो भूलतज्ज्ञ सोबत असावेत. डोके व खांदे उशांनी उंच करून आधी काही मिनिटे ऑक्सिजन द्यावा, झोपेत घोरण्याचा व श्वास अडकण्याचा इतिहास विचारावा, आणि शॉकच्या वेळी मोकळा ऑक्सिजन मास्क छातीपासून निदान १ मीटर दूर न्यावा.

कमाल ऊर्जेचा शॉकही फसला, तर लगेच पुढचा शॉक देण्याआधी ईसीजीची पट्टी नीट पाहावी. लय क्षणभरही बदललीच नाही, की दोन-चार ठोके सायनस (हृदयाची नैसर्गिक लय) येऊन फिब्रिलेशन पुन्हा परतले? दुसऱ्या प्रकारात शॉक यशस्वीच झालेला असतो. तिथे आणखी ज्यूल वाढवून काही साधत नाही, अमिओडॅरोनसारख्या औषधाची जोड देऊन पुन्हा प्रयत्न करावा लागतो. पहिल्या प्रकारात आधी पॅड छाती-पाठ असे बदलावेत, मग पॅडल दाबून शॉक द्यावा. तरीही लय हलली नाही, तर रुग्णाला मोठ्या केंद्रात पाठवावे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात बीएमआय ३५ किंवा त्याहून अधिक असलेल्या २०० रुग्णांवर केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका यंत्राच्या २०० ज्यूलने ८६ टक्के, तर दोन यंत्रांच्या एकत्रित ४०० ज्यूलने ९८ टक्के यश मिळाले. तो मार्ग तिथे उपलब्ध असू शकतो.

शॉक झाल्यावर केसपेपरवर फक्त "डीसी शॉक दिला" असे लिहिण्याची सवय मोडावी. रुग्णाचे वजन व उंची, यंत्राचे नाव, प्रत्येक शॉकचे ज्यूल, पॅडची जागा, पॅड वापरले की पॅडल, आणि लय किती वेळ टिकली, एवढे सगळे लिहावे व ईसीजीची पट्टी सोबत जोडावी. एट्रियल फिब्रिलेशनचा रुग्ण बहुधा पुन्हा येतो, आणि त्या वेळी पहिला शॉक कुठून सुरू करायचा हे याच कागदावरून ठरते.