निर्वासितांसाठी गाण्यांचा अल्बम काढताय? या चुका टाळा

निर्वासितांच्या मदतीसाठी अल्बम काढायचं ठरलं की पहिल्या बैठकीत गाण्यांवर बोलणं होतं, गायकांची नावं निघतात, मुखपृष्ठावर वाद रंगतो. श्रोत्याने दिलेला पैसा छावणीपर्यंत कोणत्या वाटेने जाणार, हा प्रश्न मात्र फार उशिरा निघतो. सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं, म्हणून सुरुवात त्यापासून.

पैशाची वाट न आखता रेकॉर्डिंगला बसणं

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं जीव मुठीत धरून भारतात आली. त्यांच्यासाठी पंडित रविशंकर आणि ‘बीटल्स’मधले जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन मैफिली घडवून आणल्या. तिकिटविक्रीतले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. पण त्या मैफिलीचा तीन रेकॉर्डांचा अल्बम अडखळत राहिला. कलाकार वेगवेगळ्या कंपन्यांशी करारबद्ध होते आणि वितरणाचा खर्च कोणी सोसायचा यावर घासाघीस चालली. अल्बम अमेरिकेत बाजारात आला २० डिसेंबरला. ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करून युद्ध संपलं होतं १६ डिसेंबरलाच.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढची. करमाफीसाठी लागणारी कागदपत्रं आधी झाली नव्हती, त्यामुळे अल्बमचा आणि मैफिलीवरच्या चित्रपटाचा पैसा अमेरिकेच्या करखात्याच्या फेऱ्यात वर्षानुवर्षं अडकून पडला. याच अल्बमला १९७३ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. संगीत उत्तम आणि हेतू निर्मळ असूनही पैसा वेळेवर पोहोचला नाही.

म्हणून पहिलं गाणं रेकॉर्ड होण्याआधी मदतसंस्थेशी लेखी करार हवा. संस्थेची नोंदणी, करमाफी आणि परदेशातून पैसे घेण्याची परवानगी तपासा. उत्पन्न शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. ते आधी एखाद्या संगीतकाराच्या वैयक्तिक खात्यात आलं, तर कायद्याच्या नजरेत ती त्याची कमाई ठरू शकते. कर त्याने भरायचा आणि उरलेलं दान द्यायचं, अशी वेळ येते. पैसा आधीच असा अडकला असेल तर लेखापालाला गाठा, पुढची रक्कम संस्थेच्या खात्याकडे वळवा आणि झालेला विलंब श्रोत्यांना स्वतःहून सांगा.

मुखपृष्ठावरचे शब्दही तोलून लिहा. ‘सर्व उत्पन्न निर्वासितांना’ असं छापायचं आणि नंतर त्यातून छपाईचं बिल भागवायचं, ही श्रोत्याची फसवणूक आहे. ‘निव्वळ नफा’ म्हटलं तर कोणता खर्च वजा होणार, तेही लिहा. खर्चासाठी वेगळा प्रायोजक शोधावा आणि विक्रीच्या पैशाला हात लावू नये, हे माझं ठाम मत.

‘गाणं दिलं’ म्हणजे हक्कही दिले, असं धरून चालणं

एका गाण्यात हक्कांचे दोन पदर असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराचा किंवा त्यांच्या प्रकाशकाचा. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा रेकॉर्ड कंपनीचा. गायिकेने आनंदाने होकार दिला, तरी तिची कंपनी नाही म्हणू शकते. दुसऱ्याचं गाणं नव्याने गायलं असेल तर मूळ रचनाकारांचा परवाना लागतो आणि त्यांचं मानधन ते गोळा करणाऱ्या हक्कसंस्थेमार्फत त्यांच्याकडेच जातं, अल्बमच्या खात्यात येत नाही. ते मानधन दान करायचं असेल तर तसं वेगळं लिहून घ्यावं लागतं.

लोकगीतांबाबत जास्त जपायला हवं. छावणीतल्या आजीने गायलेली अंगाई ‘पारंपरिक’ म्हणून छापली जाते. मग त्यामागे गिटार लावणारा माणूस त्या मांडणीचा, म्हणजे वाद्यसाथीच्या रचनेचा, हक्क स्वतःच्या नावावर नोंदवतो आणि पुढची मिळकत त्याला सुरू होते. आजीचं नाव कुठेच नसतं. मांडणीचा हक्क कोणाचा, गाणं कोणाकडून मिळालं आणि त्या व्यक्तीला काय मिळणार, या तिन्हींचा उल्लेख करारात असलाच पाहिजे.

प्रकाशनानंतर एखाद्या गाण्यावर स्वामित्वहक्काचा दावा आला तर घाबरून सगळा अल्बम उतरवू नका. आधी ते गाणं बनवणाऱ्याला विचारा. बरेचदा त्यात विकत घेतलेला तयार ताल-तुकडा असतो आणि तोच तुकडा दुसऱ्या कोणाच्या नोंदलेल्या गाण्यातही असतो. त्या तुकड्याचा परवाना जोडून दावा फेटाळता येतो. परवानाच नसेल तर तेवढाच ट्रॅक बदला.

निर्वासितांचा आवाज घेताना सुरक्षिततेचा विसर पडणं

इथली चूक भरून काढता येत नाही. ज्याचे आईवडील अजून मायदेशी आहेत, त्याचं खरं नाव आणि गाव छापलं, तर त्यांच्यावर संकट ओढवू शकतं. टोपणनाव चालेल का, फोटो हवा का, चेहरा दिसावा का, हे त्यालाच विचारा. विचारणाऱ्याच्या हातात मदतीचं वाटप नसावं. तसं असलं तर ‘नाही’ म्हणायची हिंमत कोण करेल? संमतीपत्र त्याच्या भाषेत वाचून दाखवा आणि नंतर मन बदललं तर माघार घ्यायची सोय ठेवा. मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. प्रसिद्धीआधी ती पुसा.

बाकीचे वादक फुकट वाजवत असले, तरी निर्वासित कलाकाराला मानधन द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मात्र अनेक देशांत आश्रयाचा अर्ज प्रलंबित असताना काम करायला बंदी किंवा मर्यादा असते. आपण प्रेमाने दिलेल्या पाकिटामुळे त्याचा अर्ज धोक्यात येऊ नये, यासाठी आधी निर्वासितांची प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलाशी बोला.

आवाजाची पातळी

हे तुलनेने सोपं. गाणी वेगवेगळ्या स्टुडिओंतून येतात. एक कानाशी कुजबुजतं, पुढचं अंगावर येतं. सगळ्यांकडून मास्टरिंग (आवाजाची शेवटची जुळवाजुळव) न केलेलं, २४ बिटचं डब्ल्यूएव्ही (तपशील न गाळता जपणारी फाइल) मिक्स मागवा आणि मास्टरिंग एकाच माणसाकडे द्या. कोणी एमपीथ्री पाठवली तर ती डब्ल्यूएव्हीमध्ये बदलून काही साधत नाही, गेलेला तपशील परत येत नाही. मूळ फाइलच मागा.

स्ट्रीमिंगच्या आकड्यांवर अंदाजपत्रक बांधणं

एकदा गाणं ऐकलं गेलं की साधारण अर्ध्या सेंटपेक्षाही कमी रक्कम येते. म्हणजे लाखभर वेळा ऐकलेल्या गाण्याचे काहीशे डॉलर, तेही काही महिन्यांनी आणि मधल्या सगळ्यांचे वाटे जाऊन. तातडीच्या मदतीला हा पैसा उपयोगी पडत नाही. ‘इतकी किमान किंमत, पुढे मनाला येईल तेवढं’ अशा पद्धतीने अल्बम थेट विकला तर हातात बरंच जास्त उरतं. काही आठवडे फक्त अशी विक्री ठेवा आणि स्ट्रीमिंग नंतर सुरू करा. व्हिनाइलच्या तबकड्यांची छपाई हवी असेल तर तिला महिने लागतात, म्हणून डिजिटल विक्री त्यासाठी थांबवू नका.

वेगाने काम होऊ शकतं, याचं उदाहरण आहे. बोस्नियातल्या युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी ब्रिटनमधल्या वॉर चाइल्ड संस्थेचा ‘हेल्प’ अल्बम १९९५ मध्ये ४ सप्टेंबरला, सोमवारी रेकॉर्ड झाला आणि शनिवारी, ९ तारखेला दुकानांत होता. त्यातून साडेबारा लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी राहिली. बातम्यांतून लोकांचं लक्ष उडण्याआधी तो हातात पडला. आपल्या अल्बमची तारीख ठरवताना कलाकारांच्या सोयीइतकंच मदतसंस्थेलाही विचारा: पैसा कधी लागणार आहे? थंडीआधी तंबू आणि ब्लँकेटं घ्यायची असतील तर जानेवारीतलं प्रकाशन निरुपयोगी.

प्रकाशनानंतर हिशेब थांबवणं

पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब उत्साहाने जाहीर होतो. गाणी मात्र पुढेही वर्षानुवर्षं ऐकली जातात आणि थोडा थोडा पैसा येत राहतो. खात्याचा पासवर्ड एकाच कार्यकर्त्याकडे असतो, तो काम सोडतो आणि रक्कम तिथेच साचते. खातं निदान दोघांच्या ताब्यात असावं. दरवर्षी किती आले, किती पाठवले आणि पोहोचल्याची पावती कोणती, हे जाहीर करा. परवाने किती वर्षांसाठी आहेत, मदतसंस्था बंद पडली तर पैसा कोणत्या संस्थेला जाईल आणि अल्बम विक्रीतून कधी काढायचा, ही तीन कलमं मूळ करारातच घाला.